तो हॉलचा माणूस नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — पण आधी त्या लोकांबद्दल सांगू द्या, कारण त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मी मूळचा नागपूरचा. २००२ साली डॅलसजवळ अर्विंगमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो. मिस्टर कर्टिस आमच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर मागायला आले होते. टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, उंचपुरे, कृष्णवर्णीय. मी कॉम्प्युटर त्यांच्या गाडीत ठेवू लागलो, तर म्हणाले, "शनिवारी काय करतोस?"

काय करणार होतो? कपडे धुवायचो, घरी फोन करायचो.

त्यांचा वर्ग चर्चच्या तळघरात भरायचा. त्यांच्या वस्तीतले मुलगे यायचे, सगळे कृष्णवर्णीय. मोडके कॉम्प्युटर उघडायचे, जोडायचे, छोटे प्रोग्राम लिहायचे. मला वाटलं, मी शिकवायला चाललोय. पण पुढे माझी नोकरी गेली, व्हिसा टांगणीला लागला, तेव्हा मिस्टर कर्टिसनी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून मला इंटरव्ह्यू मिळवून दिला. आणि वर्गातल्या डेरियसची आई दर शनिवारी त्याच्या हाती माझ्यासाठी मक्याचा गरम ब्रेड पाठवायची. परक्या देशात कोण करतं हो एवढं?

डेरियस — हो, त्याच्याबद्दलच बोलायचंय. हळू आवाजात बोलायचा, आणि एखादी गोष्ट समजली की हसण्याऐवजी गंभीर व्हायचा.

संस्था वाढत गेली. तळघर पुरेना, तेव्हा एका शाळेने खोल्या दिल्या. मग दुसऱ्या वस्तीत वर्ग निघाला, पगारी शिक्षक आले. २००८ मध्ये संस्थेची स्वतःची इमारत झाली. उद्घाटनाला डेरियस बोलला. तोवर तो इंजिनियरिंगला होता, सुट्टीत लहान मुलांना शिकवायचा. माझ्याकडे हात करून म्हणाला, "हे माझे पहिले सर." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मान लववली. टाळ्या घेतल्या.

कशा घेतल्या असतील?

कारण त्याच्या पाच वर्षं आधीची एक संध्याकाळ आहे. आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, भाड्याने घेतलेला हॉल. डेरियसने एक छोटी गाडी बनवली होती — कागदावर काळी रेघ ओढली की तिच्यावरून आपली आपण वळत जायची. मीच म्हटलं होतं, आमच्या मुलांना दाखव. मीच त्याला घरून घेऊन आलो. पांढरा शर्ट, टाय, छातीशी धरलेलं खोकं. शर्टाला स्वतः इस्त्री केली, असं त्याने येताना सांगितलं होतं.

दारातच सुमनकाकू भेटल्या. अमेरिकेत आलो तेव्हा पहिला महिना मी त्यांच्याच घरी होतो. मंडळात त्यांच्या शब्दाला मान. त्याला कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम इंग्रजीत, हसून विचारलं, "आणि हे कोण?"

'माझा विद्यार्थी.' दोन शब्द. तोंडात होते.

मी म्हणालो, "हा इथलाच. हॉलचा माणूस, खुर्च्या लावायला आलाय."

हेही इंग्रजीतच म्हणालो. त्याच्यासमोर.

काकूंच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. कदाचित म्हणाल्या असत्या, ये बाळा, आधी जेव. भीती माझ्याच आत होती. आपल्या बैठकींत कृष्णवर्णीयांसाठी एक शब्द चालतो — तुम्ही ऐकला असेल. मी त्यावर कितीदा इतरांबरोबर हसलो होतो. आता त्यांच्यातल्याच एकाला सोबत आणलंय म्हटल्यावर माझ्याकडे कसं बघतील, एवढंच माझ्या मनात आलं.

डेरियसने माझ्याकडे पाहिलं. खोकं स्टेजच्या पडद्यामागे नीट ठेवलं आणि खरंच खुर्च्या लावायला लागला. टाय मध्ये येऊ नये म्हणून शर्टात खोचला. कार्यक्रम सांगणाऱ्याने मला विचारलं, ते गाडीचं काय? मी म्हटलं, "कॅन्सल केलं." मी पंगतीत बसलो. तो सगळ्यांच्या शेवटी उभ्याने जेवला. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "जेवण छान होतं, सर." मी रेडिओ लावला.

वाटलं होतं, आता हा येणार नाही. शनिवारी तो सगळ्यांच्या आधी आला, आईचा ब्रेड घेऊन. मिस्टर कर्टिस फार उत्सुक होते. "काय रे, मुलांना आवडली का गाडी?"

डेरियस माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "कार्यक्रम लांबला हो. वेळच मिळाला नाही."

मिस्टर कर्टिसनी त्याच्याकडे पाहिलं. "असं झालं?"

"हो सर," डेरियस शांतपणे म्हणाला. "वेळ नाही मिळाला."

तो पंधरा वर्षांचा होता, मी बत्तीस. त्याने मला सांभाळून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.