वायरलेसवर कुणी खरं सांगत नाही

समुद्रात म्हावरं, म्हणजे मासळी, कुठे लागलं, हे एक बोट दुसऱ्या बोटीला कधी खरं सांगत नाही. वायरलेसवर विचारलं, "काय रं, लागलं का काय?" तर उत्तर येतं, "कसलं काय, जाळं मोकळंच हाय." असं सांगणाऱ्याच्या बोटीत पापलेटला बर्फ पुरत नसतो. आणि जो म्हणतो, "ये इकडं, भरपूर हाय," तो तुम्हाला खडकावर पाठवत असतो. आमच्या करंजा बंदरात हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. बंदरात लिलाव लागला की सगळं उघडं पडतं आणि मग सगळे हसतात.

माझा नवरा तांडेल होता. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो, खलाशी त्याला विचारत नाहीत. तो वायरलेस कानाला लावून बसायचा आणि मोकळं मोकळं म्हणून कोण जास्त रडतोय ते ऐकायचा. मग दिवा बारीक करून त्या बोटीच्या मागे जायचा. आमचं घर त्याच्या त्या कानावर चाललं. पोराचं शिक्षण, मुलीचं लग्न, सगळं.

बोटीवरचं काम सुटल्यावर आम्ही नवीन पनवेलला पोराकडे राहायला आलो. पोरगा उरणजवळ द्रोणागिरीला गोदामात कामाला आहे. इथे आल्यावर नवऱ्याला लघवीचा त्रास सुरू झाला. तो त्याने लपवला. मग कंबर दुखायला लागली, ती त्याला लपवता आली नाही. तपासण्या झाल्या. डॉक्टरने आम्हा तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पसरलाय, पाठीच्या मणक्यात आहे.

"बरा होईल का?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाला. "पण काही वर्षं दाबून ठेवता येतो."

मला तो डॉक्टर आवडला. नंतर एवढं सरळ फार कुणी बोललं नाही.

त्याने समजावून सांगितलं की हा रोग पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर वाढतो. ते बंद करायचं. त्याला रस्ते दोन. एक, छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढून टाकायचे, एकदाच काय ते. दुसरा, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, जन्मभर. सोबत गोळ्या नाहीतर सलाइनमधून औषध, ते पुढचं पुढे. "दोन्हीनं काम तेच होतं," तो म्हणाला, "कुठलंही घ्या, पण लवकर ठरवा. मणक्यातली नस दाबली गेली तर पाय जातील."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तांडेलाचा बैल करायला निघालंत."

"आता तुमाला त्याचं काय काम हाय?" मी म्हणाले.

पोरगा भिंतीकडे बघत राहिला.

डॉक्टरनेच सांगितलं होतं की आमच्या सेक्टरमधल्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी दुपारी याच आजाराची माणसं जमतात, त्यांच्याशी बोला म्हणजे ठरवायला सोपं जाईल. आम्ही गेलो. कॅरमचे बोर्ड भिंतीला उभे करून खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. चहा होता, बिस्किटं होती. तिथे एकच नियम होता, सल्ला द्यायचा नाही, आपल्याला काय झालं तेवढं सांगायचं. बायकोला सोबत आणलं तर चालत होतं. बायका कमीच यायच्या.

तिथे एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते. गोरे, इस्त्रीचा शर्ट. ते इंजेक्शनवर होते. नवरा बोटीवर होता हे कळल्यावर ते त्याला तांडेलच म्हणायला लागले.

"या तांडेल, बसा. टेन्शन घ्यायचं नाही. मी इंजेक्शनवर एकदम ओके आहे. थोडं गरम होतं अंगात, घाम येतो. मिसेस म्हणते, तुम्हाला आता कळलं आमचं काय होत होतं ते."

सगळे हसले. मीही हसले. नवरा हसला नाही.

दुसरा एसटीचा ड्रायव्हर होता, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. त्याने ऑपरेशन केलं होतं. "मी म्हटलं, कशाला तीन-तीन महिन्यांनी डेपोत गाडी लावा? एकदाच काढून टाका. दुसऱ्या दिवशी घरी! हलका झालो बघा."

"किती हलका?" बँकवाल्यांनी विचारलं.

"तोलून बघितलं नाही साहेब. लाज वाटली."

मला वाटलं, चला, काम झालं. दोन रस्ते, दोन्हीवरची माणसं समोर धडधाकट बसलीत, चहात बिस्कीट बुडवून खातायत. आता यातला एक घ्यायचा. घरी येताना मी विचारलं, "मग, काय ठरलं?"

तो म्हणाला, "दोघं पण खोटं बोलतात."

"कशावरनं?"

"एवढं चांगलं असतं तर सांगितलं असतं का? ये ये, भरपूर हाय. दोन्हीकडं खडक हाय गो."

मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, तो बँकवाला तुमच्या जाळ्यातलं म्हावरं खाणार आहे का? त्याला तुमाला फसवून काय मिळणार? तर म्हणाला, तुना नाय कळायचं. हे तो मला लग्न झाल्यापासून म्हणतोय. मी बाजारात बसून म्हावरं विकलेली बाई आहे, कोण खरं बोलतो ते मला चेहऱ्यावरून कळतं. ते दोघे खरं बोलत होते. पण माझा नवरा चेहरे बघून शिकलेला नव्हता. तो अंधारात बसून आवाज ऐकत शिकला होता, आणि त्या आवाजांनी त्याला कधी खरं सांगितलं नव्हतं.

तिथे एक तिसरा माणूस होता. पनवेल गावातला, शिंप्याचं दुकान होतं त्याचं पूर्वी. वाळलेला, पिवळट. तो कोपऱ्यात बसायचा. त्याची पाळी आली की म्हणायचा, "माझं काही नाही. मला कशाचा गुण नाही. घरात बसवत नाही म्हणून येतो." आणि गप्प. त्याच्या पिशवीत एक बाटली असायची, काळ्या पाण्याची. त्यातलं तो झाकणभर प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा.

माझ्या नवऱ्याची नजर त्याच्यावर बसली. मी ती नजर ओळखते.

पोराने इंजेक्शनची तारीख घेतली होती. त्या दिवशी नवरा उठला नाही. कंबर धरली म्हणाला. पोराने पुढची तारीख घेतली. गुरुवारी मात्र तो बरोबर तयार होऊन बसला, पांढरा शर्ट घालून. केंद्र सुटल्यावर मला म्हणाला, तू जा घरी, मी येतो. मी गेले नाही. मागून बघितलं तर शिंपी पुढे चालला होता आणि हा थोडं अंतर ठेवून मागे. शिंपी बसमध्ये चढला. हा मागच्या बाजूने चढला. कमरेत वाकलेला, पाय ओढत, पण चढला.

संध्याकाळी आला तो तसलीच बाटली घेऊन. नेरे गावाच्या पलीकडे कुणी काढा देतो म्हणे. बसमध्ये शिंप्याने त्याला पाहिलं होतं. नवरा ते रंगवून सांगत होता. "मना म्हणतो, अहो कशाला येताय माझ्या मागं, काही उपयोग नाही याचा. बघितलंस? जाळं मोकळंच हाय म्हणतो!" किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं. बोट भरून आल्यावर असायचं तसं.

मी ती बाटली मोरीत ओतली. त्याने दुसरी आणली. पोरगा ओरडला, सुनेने मोबाईलवर वाचून दाखवलं, बँकवाले एकदा घरी येऊन बसून गेले. चांगला माणूस. त्यांनी सांगितलं, "तांडेल, मीसुद्धा पहिल्यांदा घाबरलो होतो. घ्या इंजेक्शन." नवऱ्याने त्यांना सुकट दिली बांधून आणि ते गेल्यावर म्हणाला, "घरापर्यंत आला. किती गरज हाय बघ त्याला मना खडकावर घालायची."

मग मी ठरवलं की शिंप्यालाच विचारायचं, सगळ्यांसमोर. पुढच्या गुरुवारी गोलात बसल्यावर मी म्हणाले, "दादा, तुमी याला सरळ सांगा. हा तुमच्यामागून येतो, तुमचं बघून काढा पितो. डॉक्टरचं काय करत नाय. तुमाला गुण हाय की नाय?"

 नियम मोडला होता मी, पण कुणी अडवलं नाही.

शिंपी माझ्याकडे बघत नव्हता. नवऱ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, मी सगळं करून बसलो. इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या, सलाइन झालं. जेवढी वर्षं चाललं तेवढं चाललं. आता डॉक्टरांकडे माझ्यासाठी काही उरलं नाही. बायकोला वाटतं काहीतरी करावं, म्हणून हे पितो. तुमचं अजून सगळं शिल्लक आहे. तुम्ही माझ्यामागे येऊ नका."

एसटीवाला खाली बघून चहा ढवळत बसला. त्यात ढवळायला काही नव्हतं.

मला वाटलं, आता तरी. याहून खरं कुणी काय बोलणार? बाहेर पडलो. भाजीवाल्यांच्या कोपऱ्यापर्यंत आलो. तिथे नवरा टेकून उभा राहिला, पाय दुखतात म्हणून, आणि म्हणाला, "कसा बोलला! डोळ्यात पाणी आणून. पक्का तांडेल हाय."

मी म्हणाले, "तुमचा जीव म्हणजे पापलेट नाय. तो लपवून त्याचा काय बाजार होणार हाय?"

"तुना नाय कळायचं."

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. रागाने नाही. बोलून काही होत नाही हे मला दिसलं. पोराला वाटायचं की आई अजून जोर लावेल, पण जोर लावायला धरायला काहीतरी लागतं. खरं सांगितलं तर तो खोटं धरत होता. खोटं कुणी सांगितलं असतं तर कदाचित तेही त्याने स्वतःच्या बाजूनेच फिरवलं असतं. खरं सांगायचं तर मला वाटतं, त्याला कुठला रस्ता नकोच होता. रस्ते दोन होते आणि दोन्हीच्या टोकाला तेच होतं. त्यापेक्षा कुणाच्या तरी मागे गुपचूप जाणं त्याला बरं वाटत होतं. ते त्याला येत होतं.

शिंपी यायचा बंद झाला. तो गेल्याचं एसटीवाल्याने सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी काढा प्यायला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पोराला म्हणाला, "घे ती तारीख." इंजेक्शन का ऑपरेशन, ते बोलला नाही. पोराने विचारलं नाही, लगेच फोन लावला.

तारखेच्या आधीच, सकाळी चहाला उठताना त्याचे पाय उठले नाहीत. कंबरेच्या वरचा माणूस उठून बसला आणि खालचा तसाच राहिला. तो मला म्हणाला, "ए गो, माझ्या पायावर कोण बसलंय?" मी चादर काढून दाखवली. कुणी नव्हतं.

दवाखान्यात मग कुणी कुणाला विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला, आता इंजेक्शनची वाट बघायला वेळ नाही, ऑपरेशन करून टाकतो, आणि मणक्याला रेडिएशनचा शेक देतो. पोराने सही केली. ज्याच्यावर एवढे गुरुवार घालवले ते थोड्या वेळात उरकलं. पाय परत आले नाहीत. डॉक्टरने आशा फार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं.

आता तो हॉलमधल्या खाटेवर असतो. लघवीची पिशवी मी बदलते, कूस पोरगा आणि मी मिळून बदलतो. सून टीव्ही लावून देते. गुरुवार आला की त्याला कळतं. बँकवाले मध्ये येऊन गेले. त्यांचा रक्तातला आकडा वर चाललाय, इंजेक्शन आता पुरत नाही, गोळ्या सुरू केल्यात. हे त्यांनी मला दारात सांगितलं. आत त्याच्यासमोर म्हणाले, एकदम ओके.

गेल्या आठवड्यात त्यांनी एका नवीन जोडप्याला आमच्याकडे पाठवलं. माणूस कुठल्यातरी ऑफिसातला, अजून नोकरीत असावा. बायको त्याच्यापेक्षा घाबरलेली. त्यालाही तेच दोन रस्ते सांगितलेले. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटून घ्यावं म्हणून आले होते.

नवऱ्याच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर होती. त्याने त्या माणसाला शेजारी बसवलं.

"काका, त्रास होतो का हो ऑपरेशनचा?"

"काय नाय," नवरा म्हणाला. "काय त्रास नाय. बरा हाय मी."

त्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलं की त्याला पटलेलं नाही. मी खाटेजवळ गेले आणि चादर खालून वर केली. नवऱ्याने चादर ओढायला हात घातला, पण त्याचा हात गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. पाय होते तसे होते, काड्यांसारखे, टाचांना जखमा.

"हे ऑपरेशननं नाय झालं," मी म्हणाले. "उशिरानं झालं. तुमी कुठलं पण करा, पण उद्या करा."

माणूस उठला. बायकोने डोळ्याला पदर लावला. दारात चपला घालताना तो तिला हळू म्हणाला, "बघू. सगळ्यांशी बोलून विचार करू नीट."

ती मागे वळून मला म्हणाली, "मावशी, तुम्ही काय केलं होतं तेव्हा?"

"विचार केला," मी म्हणाले.

आत नवरा हाक मारत होता, चादर नीट कर म्हणून.