पिशवीचा औषध सोडून काढलेला फोटो

"पिशवीत गाठ आहे. पिशवी काढावी लागेल," कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं.

माझं वय सव्वीस होतं. मूल नव्हतं. वर्षभर पाळीत फार रक्त जात होतं. डॉक्टरांनी हाताने तपासून निदान केलं होतं. पोटाच्या साध्या एक्स-रेत काही आढळलं नव्हतं; त्यात हाडं दिसतात, गर्भाशयाचा आतला भाग दिसत नाही. सत्तरच्या दशकात सोनोग्राफी आमच्याकडे पोचली नव्हती.

दुसरं मत घ्यायला सासूबाईंबरोबर सांगलीला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी सुचवली. म्हणजे गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढणं. औषध पांढरं दिसतं. आत काही वाढलं असेल तर तिथे काळी जागा राहते. पाळी सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत यायचं होतं. नंतर गर्भ राहिलेला असू शकतो आणि तपासणीने त्याला धोका पोचतो.

आमच्या घरी पाळीतली बाई चार दिवस बाहेर बसायची आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायची. सासूबाईंनी दिवस तिथून मोजले. आम्ही पोचलो तेव्हा मुदत टळली होती.

"आवं बाई, न्हाल्यापास्नं मोजलं की! त्याआदी ती भाईरच हुती."

"भाईर तुमच्या लेखी, मावशी. पिशवीनं मोजायला आधीच सुरुवात केली होती."

कराडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. सासूबाईंनी ती पुढे ढकलली. "काढल्याली पिशवी परत बशीवता येती व्हय?" त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

पुढच्या महिन्यात तपासणी झाली. कळ पाळीसारखीच आली, थोडा वेळ. फोटोत मधोमध काळा ठिपका होता. हवेचा बुडबुडाही असाच दिसतो, म्हणून मला कुशीवर वळवून पुन्हा फोटो काढला. ठिपका हलला नाही. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला लोंबता कोंब असावा, असं बाई म्हणाल्या. गर्भनलिका मोकळ्या होत्या.

फोटो जागा दाखवतो, गाठ कसली ते सांगत नाही. त्यासाठी भूल देऊन तो कोंब काढला आणि तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता.

"मग आता प्वार हुईल न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते कुठल्याच फोटोत दिसत नाही, मावशी."

रक्त जाणं कमी झालं. कुणाला पिशवी काढायला सांगितलं असेल, तर तिने आधी विचारावं: आत कशाने पाहिलं?

मला मूल झालं नाही. कारणही सापडलं नाही. तरी पुढे बरीच वर्षं दर महिन्याला आशा करता आली. त्यासाठी मी सांगलीच्या बाईंची ऋणी आहे.