सूर्य मावळला की इंजिन बंद

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा मोटारवाला उभ्या निजाम इलाख्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या भीतीत एका खोट्या भीतीची भर मी घातली, हे आधीच कबूल करतो. तेव्हा मी सोलापूरच्या एका विमा कंपनीची एजन्सी नुकतीच घेतली होती आणि मामा माझे पहिले गिऱ्हाईक होते. लोहारा ते नळदुर्ग अशी त्यांची जुनी सर्व्हिस मोटर उतारू घेऊन चाले. विमा हवा, पण हप्ता कमीत कमी हवा, असा त्यांचा हट्ट. म्हणून मी नुसत्या मोटारीचा विमा काढून दिला, आत बसणाऱ्या माणसांचा वगळला. मामांना संध्याकाळी नीट दिसत नसे. पहिल्याच गिऱ्हाइकानं मोटर ओढ्यात घातली तर माझी एजन्सी जाईल, या धास्तीनं निघता निघता मी एक अट मनानंच ठोकून दिली. सूर्य मावळल्यावर इंजिन चालू राहिलं तर विमा बुडतो, असं सांगितलं. मामांनी विम्याचा इंग्रजी कागद कपाळाला लावला आणि विभूतीच्या डबीशेजारी ठेवून दिला.

तेव्हापासून मामा ती अट सोवळ्यासारखी पाळू लागले. दिवस कलला की ते रस्त्यापेक्षा मावळतीकडंच जास्त पाहत आणि सूर्य टेकला की असतील तिथं इंजिन बंद करत. एकदा लग्नाचं वऱ्हाड माळावर अडकलं. नवरदेव तणतणू लागला, तेव्हा मामांनी स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर घातली आणि म्हणाले, "इमा बुडाला तर मोटर गेली. लगीन काय, उद्या बी लागंल." पेट्रोल वाचवायला ते प्रत्येक उतारावर इंजिन बंद करून मोटर नुसती सोडत, आणि त्यांचा हात असा बसला होता की मागं झोपलेल्या माणसाला जाग येत नसे. समोरून बैलगाडी आली की मोटर थांबवून खाली उतरत आणि बैलांना चुचकारून वाट करून देत. पुढचे दोन्ही दिवे रोज सकाळी पुसत, पण ते लागलेले कुणी पाहिले नव्हते. पूल आला की सगळ्यांना उतरवून आधी चालत पलीकडं पाठवत आणि मग एकट्यानं मोटर नेत. मी हसलो तर म्हणाले, "जावईबापू, माणसांचा इमा तुम्ही काढला न्हाय. मंग माणसं म्याच सांभाळायची न्हवं?"

पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या आणि ज्याला जमेल तो हद्द ओलांडून सोलापूरकडं निघाला होता. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. मामांनी तिला, माझ्या सासूबाईंना आणि मला मोटारीत घातलं. वाटेतल्या प्रत्येक पुलावर आम्हांला उतरवण्यात वेळ गेला आणि हद्द पुढ्यात असताना एका चढाच्या माथ्यावर सूर्य मावळला. मामांनी इंजिन बंद केलं.

खाली ओढा होता, त्यावर अरुंद पूल, आणि पुलाच्या अलीकडं लिंबाखाली जाळ पेटला होता. जाळाभोवती माणसं बसली होती आणि त्यांच्या बंदुका झाडाला टेकवलेल्या होत्या. पलीकडच्या चढावर निजामाची हद्द संपत होती. बायकोनं माझं मनगट धरलं. इथं थांबलो तर उजाडेपर्यंत आम्ही त्यांच्या नजरेला पडणारच होतो. मी मामांना म्हणालो, इंजिन चालू करा आणि जोरात काढा. ते माझ्याहून जास्त घाबरले होते, तरी म्हणाले, "इमा बुडंल." ती अट खोटी आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण त्यांच्या भावाला मी फसवलं हे ऐकायला शेजारी सासूबाई बसल्या होत्या, आणि मला त्या बंदुकांइतकीच त्यांचीही भीती वाटली. ते मी सांगितलं नाही.

मामांनी उताराकडं पाहिलं. "इंजिनाला बंदी हाय," ते पुटपुटले, "चाकांना न्हाय." मग मागं वळून म्हणाले, "आज पुलावर कुणी उतरायचं न्हाय. शिवा शिवा म्हना, पर मनात." त्यांनी ब्रेक सोडला. दिवा नाही, आवाज नाही. मोटर त्या जाळाजवळून इतकी हलकी गेली की पातेल्यात काही ढवळणाऱ्या माणसानं मान वर केली तेव्हा आम्ही पुलावर होतो. मागं आरडाओरडा झाला, एक बार उडाला. पलीकडच्या चढावर मोटर रेंगाळली, तशी मामांनी आणि मी उतरून ती ढकलली. हद्दीपलीकडं पोचल्यावर मामा रस्त्यातच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

सोलापुरात आम्हांला मुलगी झाली. बारशाला आलेल्या प्रत्येकाला मामा सांगत, जावईबापूंच्या अटीनं आमाला वाचवलं. मी मान खाली घालून पेढे वाटत राहिलो.

पोलीस ॲक्शननंतर आम्ही परत निघालो. त्याच ओढ्याच्या अलीकडं दिवस मावळला आणि मामांनी इंजिन बंद केलं. पुलापलीकडच्या लिंबाखाली आता कुणी नव्हतं. तान्ही मुलगी गारठ्यानं रडू लागली. मामा अंगावरची घोंगडी काढू लागले, तेव्हा मला राहवलं नाही. मी सासूबाईंच्या देखत सांगून टाकलं, की ती अट कंपनीची नव्हती, मी घातलेली होती.

मामांनी घोंगडी मुलीच्या अंगावर घातली. मग त्यांनी विचारलं, "मंग दिवा लावू?" दोन्हींतला एकच लागला, तोही पिवळट. चाचपडत, बैलाच्या चालीनं मोटर पुलापर्यंत आली आणि थांबली.

"उतरा," मामा म्हणाले. "अट खोटी आसंल. माणसांचा इमा अजून न्हाय."

सासूबाई आणि बायको त्या पिवळ्या उजेडात पूल ओलांडू लागल्या. मुलीला छातीशी धरून मी मामांजवळ उभा राहिलो.

"मामा," मी म्हणालो, "तुम्हांला कमी दिसतं म्हणून नव्हे, माझी एजन्सी जाईल म्हणून मी खोटं बोललो. भित्रा मी होतो. मला माफ करा."