दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय

दिल्लीत करोल बागेत आमच्या मराठी मंडळाची एक खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी मी मराठी शिकवते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरात बसून माझा स्वभाव आणखी तापट होत चालला होता, तेव्हा घरच्यांनीच मला तिकडे पिटाळलं म्हणायला हरकत नाही. वर्गात येणारे सगळे मोठे. दोन मुलींना पुण्यात नोकरी लागायची आहे, एक बंगाली गृहस्थ हौसेखातर येतात, आणि काही जण चक्क मराठी घरातले, पण दिल्लीत वाढलेले. या शेवटच्यांवर माझा विशेष राग. माझा मुलगा त्यांच्यातलाच. "पेटात दर्द होतोय" म्हणतो आणि वर मलाच विचारतो, "समजलं ना तुला? मग झालं तर, यार!"

शब्दांची सुरुवात फळांपासून करायची, हा पायंडा मी पाडला होता. फळं, मग भाज्या, रंग, नाती. चित्रांचे पत्ते मी स्वतः रंगवले होते आणि ते मला फार आवडायचे. एका शनिवारी मी सीताफळाचा पत्ता वर धरला, तर नव्याने आलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फल रहने दीजिए. मला दर्दचे शब्द पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. आज आलेल्या बाईने आम्हाला अभ्यासक्रम सांगायचा? पण तिचा चेहरा पाहिला आणि तोंडाशी आलेलं गिळलं. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं.

ती पंजाबी, राहणार गाझियाबादची, लग्न मराठी घरात. तिच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. सगळं आयुष्य भाजीवाल्यांशी फाडफाड हिंदीत हुज्जत घातलेली ही बाई, पण झटक्यानंतर तिची हिंदी पार पुसली गेली. उरली ती मराठी, तीही तुटक. समोरच्याचं बोलणं कळायचं, पण स्वतःहून शब्द सापडायचा नाही. फिजिओथेरपिस्ट रोज घरी यायचा. त्याने बजावलं होतं, "खिंचाव हो तो चलने दो, बिजली जैसा दर्द हो तो रुको." आता यातलं काय होतंय, ते सांगणार कोण? हात उचलला की सासूबाई ओरडायच्या. मुलगा धावत येऊन विचारायचा, "आई, दुखतंय?" त्या हो म्हणायच्या, आणि व्यायाम बंद. असंच चाललं तर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

मला त्या मुलाचा भयंकर संताप आला. एवढी मोठी भाषा घरात असून याच्या वाट्याला एकच क्रियापद आलं? मग माझा मुलगा आठवला आणि संताप जरा आवरता घेतला.

पुढच्या शनिवारी पत्ते घरीच ठेवले. वर्गाला सांगितलं, आज हिंदीत अर्थ विचारायचा नाही, सांगायचा नाही. शब्द अंगात शिरला पाहिजे. सगळ्यांना फरशीवर मांडी घालून बसवलं आणि मी म्हणेपर्यंत हलायचं नाही अशी ताकीद दिली. बऱ्याच वेळाने उठायला सांगितलं, तर बंगाली गृहस्थ अर्धवट उभे राहून खुर्चीला लोंबकळले. "हे अवघडणं," मी म्हटलं. "आणि पायाला आता जे होतंय, त्या मुंग्या." ते कळवळून म्हणाले, "मॅडम, खूप मुंग्या!" त्यांची दाढ त्या आठवड्यात सुजली होती, म्हणून ठणका शिकवायलाही तेच उपयोगी पडले. बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही.

मग दोन्ही हात वर करून ताणायला लावले. काखेपासून मनगटापर्यंत जे जाणवतं तो ताण. आणि बाकाच्या कडेवर कोपर आपटलं की बोटांपर्यंत सणकन जाते ती कळ. ती मुलगी आपलं कोपर पुन्हा पुन्हा आपटत होती. दर वेळी "कळ" म्हणायची, मग हात ताणायची आणि "ताण" म्हणायची. शेवटी मीच ओरडले, "अगं, पुरे! हात मोडून घेशील." मराठी घरातले आमचे दिल्लीकर खाली मान घालून कोपरं चोळत होते. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "आमची आजी म्हणायची हे."

त्यानंतर दोन शनिवार ती आलीच नाही. मी वर्गात चिडचिड करत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कोपर आपटून शिकलेल्या शब्दांनी आजारी माणसाचं काय होणार, असं राहून राहून मनात येत होतं.

मग एके दिवशी ती वर्ग सुरू होण्याआधीच येऊन बसलेली दिसली. मी काही विचारायच्या आत मराठीत सांगू लागली. चुका भरपूर होत्या, मी एकही सुधारली नाही. थेरपिस्टने हात उचलला, सासूबाई ओरडल्या, नवरा "बस, बस" करत आला. हिने त्याला हाताने थांबवलं आणि विचारलं, "आई, कळ जाते की ताण बसतो?"

सासूबाई ओरडता ओरडता थांबल्या. मग म्हणाल्या, "ताण." आणि जरा दम घेऊन, "बसू दे."

त्या दिवशी हात खांद्याच्या वर गेला.

माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ती मी लपवली नाही. बंगाली गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. दोघी मुलींनी तिला मिठीच मारली. तिने स्वतःचे डोळे पुसले, वही उघडली आणि अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाली, "मॅडम, आता भांडायचे शब्द. आई बऱ्या होतायत. काल मला म्हणाल्या, चहा पांचट केलास. मला काही उत्तरच आलं नाही."