चेहरा नसलेली फाइल

ये गं, अशी जवळ बस, पंख्याखाली. आणि आधी माझी बोलणी खा थोडी. तुझ्या चित्रकलेच्या क्लासच्या वेबसाइटवर ती पिवळी पट्टी कधीपासून दिसतेय, अपडेट करा म्हणून, आणि तू आपली रोज ती बाजूला सारतेस. वेळ नाही म्हणे. सख्खी भाची आहेस म्हणून ओरडत नाही, पण माझ्यावर काय गुदरलं ते ऐक, मग बघू वेळ कसा मिळत नाही.

आमचं वधूवर सूचक मंडळ सदाशिव पेठेतल्या याच दोन खोल्यांत सुरू झालं, हे तुला ठाऊक आहे. साठी उलटल्यावर मी व्हिडिओ बघून बघून त्याची वेबसाइट केली. मुलामुलींचे फोटो, शिक्षण, पत्रिका, आणि नोंदणी केलेल्यांनाच दिसतील असे घरचे फोन नंबर. लोकांनी आपल्या पोरींचे फोटो दिले ते काही मंडळाकडे बघून नाही गं, माझ्याकडे बघून दिले.

तुळशीचं लग्न झालं की आमचा फोन खाली ठेवता येत नाही. त्या वर्षी मात्र घर शांत. हे म्हणाले, लोकांना अक्कल आलेली दिसते, लग्नं बंद केली वाटतं. मी रोज सकाळी लॅपटॉपवर वेबसाइट उघडून बघायची, सगळं जिथल्या तिथे. मंडईत एक बाई भेटल्या, त्यांची मुलगी आमच्याकडे नोंदवलेली. मी विचारलं, बऱ्याच दिवसांत फोन नाही? तर पिशवीत बघत म्हणाल्या, सध्या थांबलोय जरा. दुसऱ्या एकींनी तर विषयच बदलला. मला वाटलं, दुसरं मंडळ गाठलं असेल.

आणि मग एका सकाळी मार्केट यार्डातून फोन आला. तिथे कांदा-बटाट्याचा गाळा असलेल्या एका गृहस्थांचा. त्यांची धाकटी आमच्याकडे होती.

"ताई, तुमच्या वेबसाइटवर भलतंच काय तरी हाय. पावण्यांना दाखवायला उघडली, तर जुगार आन उघड्या बाया. माझ्या पोरीचा फोटो त्यात न्हाई ना?"

मी म्हटलं, अहो, माझ्यासमोर तर नीट दिसतेय. ते हळूच म्हणाले, मी कशाला खोटं बोलू?

ह्यांचा फोन घेतला, मंडळाचं नाव टाकून शोधलं, दाबलं. क्षणभर आमच्या पहिल्या पानावरचा गणपती दिसला आणि लगेच ते सगळं उघडलं. अगं, त्या घुसलेल्या चोराची करामतच अशी, की मालकाला घर स्वच्छ दिसावं आणि बाहेरून नव्याने येणाऱ्याला घाण. तेव्हा कळलं त्या बायका का गप्प होत्या. माझ्या वयाच्या बाईला सांगणार तरी कसं, काय बघितलं ते?

ते पान मी शेवटपर्यंत बघितलं. जन्मात असलं काही बघितलं नव्हतं, पण एकेक चेहरा निरखून बघितला, आपली कुणी नाही ना म्हणून. हे मागे उभे होते, एकदाही टोमणा मारला नाही. आपली कुणी नव्हती. पण इथे नाही म्हणजे कुठेच नाही, असं थोडंच?

आधी वेबसाइटवर दुरुस्तीसाठी बंद अशी पाटी लावली. मग वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी धीराची होती. म्हणाली, पासवर्ड बदला आणि मालकांच्या यादीत अनोळखी कुणी आहे का बघा. होतं. माझ्याशिवाय आणखी एक मालक, सगळ्या किल्ल्या हातात असलेला. त्याला काढला. मुख्य फाइलीत मुंग्यांच्या रांगेसारखी न वाचता येणारी अक्षरं होती, ती फाइल काढून कोरी बसवली. पाटी काढली आणि ह्यांच्या शेजारच्या मित्राच्या फोनवर उघडून बघितलं, स्वच्छ. त्या दिवशी जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एका शेजाऱ्याच्या फोनवर बघितलं, तर पुन्हा जुगार.

तेव्हा मला खरी भीती वाटली. म्हणजे मी फरशी पुसत होते आणि तो आत माळ्यावर बसला होता.

कंपनीतल्या त्या मुलीला पुन्हा फोन लावला. तिने विचारलं, फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटोंशिवाय काही आहे का? मी उघडलं. छोट्या छोट्या चौकटी, ओळीने सगळ्या आपल्या पोरी, काठापदराच्या साड्यांत हसणाऱ्या. आणि त्यांच्या मधोमध एक चौकट कोरी. चेहराच नाही. तो फोटो नव्हताच, प्रोग्रॅम होता. मी पुढचं दार कितीदा लावलं तरी तो त्या फटीतून आत यायचा. पोरींच्या गर्दीत असा लपून बसलेला. तो पुसला, सगळं सॉफ्टवेअर नव्याने चढवलं, कधीचं अपडेट न केलेलं नोंदणीच्या फॉर्मचं प्लगइन, ज्यातून तो पहिल्यांदा शिरला असणार, ते उपटून टाकलं, पासवर्ड पुन्हा बदलले.

मग विचारलं, आमचे फोटो आणि नंबर गेले का? ती म्हणाली, गेलेही असतील, सांगता येणार नाही, तेवढ्या जुन्या नोंदी राहत नाहीत. हे वाक्य अजून कानातून जात नाही.

हे म्हणाले, "नाही सांगितलंस तर कुणाला कळणार आहे?" टोमणा नव्हता गं तो. माझ्यासाठी घाबरले होते. पण एखाद्या पोरीला भलत्याचा फोन आला आणि तिच्या बापाला काही माहीतच नसलं तर? मी एकेका घरी फोन लावला. कुणी नुसतंच ऐकून घेतलं, कुणी नाव काढून घेतलं. एक बाई म्हणाल्या, झेपत नाही तर या वयात करता कशाला? मी पुढचा नंबर लावला.

मार्केट यार्डला सगळ्यांत शेवटी लावला, धीरच होत नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं. मागे हमालांचा ओरडा चाललेला. मग म्हणाले, "फोटो काढा ताई. नाव ऱ्हाऊ द्या. पोरीला मी सांगतो."

आता वेबसाइटवर एकही फोटो नाही. फोटो बघायचे तर घरी यावं लागतं. तरी अनोळखी नंबर वाजला की वाटतं, कुठल्यातरी पोरीचा बाप असणार. लॅपटॉपवर सगळं स्वच्छ दिसतं, पण तेव्हाही दिसतच होतं. ह्यांचा फोनही आता त्या चोराच्या ओळखीचा झाला असेल, त्यावरही तो स्वच्छच दाखवेल. तेव्हा तू आज कर्वेनगरला घरी जा, पण पुन्हा लवकर ये, तुझ्या क्लासच्या चार मैत्रिणी घेऊन ये. त्यांच्या फोनवर उघडून बघू. आणि जे दिसेल ते माझ्या तोंडावर सांगा, लाजू नका.