काळ्या लाकडाचा बाजा

सेलूच्या बँडमधला तो क्लॅरिनेटवाला मी एकदाच पाहिला. त्याचं वाद्य विलायती, काळ्या लाकडाचं. पण कारखान्यानं भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्या सैल बसवलेल्या, हवा गळायची. लाख तापवून त्यानं त्या पुन्हा घट्ट बसवल्या होत्या.

ज्या निजामी अंमलदारानं त्याच्या भावाला चाबकानं फोडून काढलं, त्याच्याच स्वागताला त्या दिवशी बँडला वाजवायचं होतं. बँडमास्तर त्याच्या कानाशी कुजबुजला, "हवा गळायलीय म्हण, सुटशील."

"बाजाला कशाला बदनाम करू, मास्तर?"

तो सरळ अंमलदारासमोर गेला. "बाजा चोख हाय, सरकार. मी वाजवणार न्हाई."

मी निजामाविरुद्धची पुष्कळ पत्रकं वाचली होती. इतका स्वच्छ नकार त्यांत नव्हता.

शिपायांनी त्याचे दंड धरले, तेव्हा त्यानं क्लॅरिनेट मास्तरच्या हाती दिलं.

"उन्हात ठेवू नका. लाकूड तडकंल."