चेष्टा करूँगा, सर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा लपवता येत नाही!

मध्यभारत राज्याचे दिवस. इंदूरला आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात. मी इथल्याच मल्हारगंजातला, वर्गात घरी मराठी बोलणारा एकटाच. शेजारी रामगोपाल, माळव्यातल्या खेड्यातला. हसरा, दिलदार, आणि ड्रॉइंगमध्ये माझ्याहून सरस. ते मला सलायचं—हो, सलायचंच.

ड्रॉइंगचे सर पुण्याहून नुकतेच आलेले, हिंदी यथातथाच. त्यांनी रामगोपालला विचारलं, "कल तक शीट पूरा होयेंगा?"

तो अदबीनं उठला. "चेष्टा करूँगा, सर."

"गेट आउट!"

त्याच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सरांच्या मराठीत थट्टा. बिचारा टी-स्क्वेअर काखोटीला मारून निघाला. माफी मागितल्याशिवाय वर्गात यायचं नाही, असा हुकूम सुटला. पण माफी कशाची? आठ दिवस तो मला विचारत होता, "भिया, मेरी गलती क्या हुई?" मी म्हणायचो, "सर ज़रा गरम हैं।"

मला कळलं नव्हतं? दोन्ही भाषांत वाढलेल्या मला? तिथल्या तिथे कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या आठवड्यात माझी शीट पहिली आली—आणि मला आनंद झाला, अगदी मनापासून. याचीच जास्त लाज वाटते.

शेवटी तो सरांच्या घरी गेला. दारातच म्हणाला, "माफी माँगने की चेष्टा कर रहा हूँ।" सरांची बायको बाजारात हिंदी शिकलेली, ती इतकी हसली की पोहे करपले! तिनं अर्थ सांगितल्यावर सरही खो खो हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात त्याचीच माफी मागितली. मग माझ्याकडे वळले, "अरे, तेरे को तो मालूम होयेंगा ना?"

मी तोंड उघडण्याआधीच रामगोपालनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भिया को मालूम होता तो उसी दिन बता देते, सर।"

मी मान डोलावली.

अजूनही लग्नाकार्यात तो हा किस्सा रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो—खरंच हसू येतं. शेवटी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून तेच वाक्य म्हणतो.

आणि मी दर वेळी मान डोलावतो.